दोन शब्दांआड दडलेला संशोधक : एदुआर शातों

शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशींचे दोन प्रकार शिकवले जातात. जिच्या केंद्रकाभोवती पटल नसते ती आदिकेंद्रकी पेशी आणि जिच्यात पटलाने वेढलेले स्पष्ट केंद्रक असते ती दृश्यकेंद्रकी पेशी. इंग्रजी माध्यमातली मुले त्यांनाच प्रोकॅरिओट आणि युकॅरिओट म्हणतात. जिवाणू एका बाजूला आणि अमीबापासून आंब्याच्या झाडापर्यंत, मुंगीपासून माणसापर्यंत बाकी सारे दुसऱ्या बाजूला, अशी ही विभागणी आहे. हे दोन शब्द प्रथम छापून आणणाऱ्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाचे नाव होते एदुआर शातों. ते गेले १९४७ साली. हे शब्द जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आले, ते त्यानंतर पंधराहून अधिक वर्षांनी.

शातों यांच्या नावामागे आज बहुतेकांना एवढीच माहिती जोडता येते. जीवशास्त्राच्या पदवीधरांनाही याहून अधिक सांगता येईल असे वाटत नाही. प्रत्यक्षात हे दोन शब्द त्यांनी जाता जाता वापरले होते. त्यांच्या आयुष्याची चाळीस वर्षे गेली ती वेगळ्याच जीवांच्या मागे. समुद्रातल्या प्राण्यांच्या आतड्यांत, शरीराच्या पोकळीत, रक्तात आणि अंड्यांत मुक्काम ठोकणारे हे एकपेशीय परजीवी ज्या कुळातले आहेत, त्या कुळाला डायनोफ्लॅजेलेट म्हणतात.

हे कुळ आपल्याला अगदीच अपरिचित नाही. कोकणच्या किनाऱ्यावर काही वर्षी रात्रीच्या वेळी लाटा फुटताना निळसर उजेड पसरतो आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे येतात. तो उजेड नॉक्टिल्युका नावाच्या डायनोफ्लॅजेलेटचा असतो. समुद्राचे पाणी लालसर होऊन मासे मरतात तेव्हाही अनेकदा याच कुळातले जीव कारणीभूत असतात. प्रवाळांच्या ऊतींत राहून त्यांना अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवालही याच गोतातले. त्यांचे नमुनेदार रूप ठरलेले असते. पेशीच्या मध्यावर कमरपट्ट्यासारखी एक खाच, तिला काटकोनात दुसरी उभी खाच आणि दोन कशाभिका. एक कशाभिका कमरेभोवती लहरत राहते, दुसरी मागे वल्ह्यासारखी चालते. त्यामुळे हा जीव भोवऱ्यासारखा गरगरत पुढे सरकतो. ग्रीक भाषेतल्या भोवरा या अर्थाच्या शब्दावरूनच त्याला नाव मिळाले. केंद्रकातली गुणसूत्रेही विलक्षण असतात. इतर जीवांत ती पेशीविभाजनाच्या वेळीच जाड होऊन दिसतात, इथे ती सदासर्वकाळ घट्ट गुंडाळलेलीच असतात.

मोकळ्या पाण्यात गरगरणारे आणि बऱ्याच अंशी उन्हावर जगणारे जीव, अशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत या कुळाची ओळख होती. त्यातल्या कित्येकांनी पाण्याचा मोकळेपणा सोडून दुसऱ्याच्या शरीरात घर केले असेल, ही कल्पना तेव्हा रुजलेली नव्हती. ती शातों यांनी रुजवली.

त्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या रोमों या गावी झाला. शिक्षण पॅरिसला, सोरबोन विद्यापीठात. पण त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली ती पॅरिसपासून शेकडो किलोमीटर दूर, स्पेनच्या सरहद्दीला टेकलेल्या बान्युल्स या भूमध्यसागरी गावात. डोंगरउतारावर द्राक्षमळे आणि खाली मासेमारीचे बंदर अशा या गावात प्राणिशास्त्रज्ञ आंरी द लाकाझ-द्युतिए यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी एक सागरी प्रयोगशाळा उभी केली होती. भौतिकशास्त्रज्ञ फ्रांस्वा आरागो यांचे नाव तिला दिले होते. विद्यार्थी म्हणून शातों तिथे आले आणि जन्मभर परतून येत राहिले. १९०८ साली त्यांनी बान्युल्सच्याच मारी एर्र यांच्याशी विवाह केला. तेव्हापासून हे गाव त्यांची सासुरवाडीही झाले.

समुद्रात बारीक जाळे फिरवून वर काढले की त्यात प्लवकांचा जो गाळ येतो, त्यात कोपेपॉड नावाच्या जीवांची संख्या बहुधा सर्वांत मोठी असते. कोळंबीच्या दूरच्या गोतातले हे प्राणी जेमतेम मिलिमीटरभर लांब आणि काचेसारखे पारदर्शक असतात. सूक्ष्म शैवाल खाऊन ते जगतात आणि स्वतः माशांच्या पिलांचे मुख्य अन्न होतात. समुद्रातली हिरवाई माशांपर्यंत पोहोचते ती बव्हंशी या कोपेपॉडांच्या मार्गाने. बान्युल्सच्या जाळ्यातले कोपेपॉड सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना शातों यांना काहींच्या आतड्यात तपकिरी-हिरवट पिशव्या दिसल्या. पारदर्शक शरीरातून त्या स्पष्ट दिसत. त्यांना कशाभिका नव्हत्या, कमरपट्टा नव्हता, हालचालही नव्हती. डायनोफ्लॅजेलेटशी नाते सांगणारे बाह्यतः काहीच नव्हते.

शातों या पिशव्यांवर लक्ष ठेवून राहिले. पिशवीतल्या मूळ पेशीचे दोन भाग होतात. एक भाग यजमानाच्या आतड्यात खात-पीत वाढत राहतो, दुसरा भाग पुन्हा पुन्हा विभागून बारीक पेशींचा थर तयार करतो. मग पहिला भाग पुन्हा दुभंगतो आणि पुन्हा एक थर तयार होतो. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे असे एकात एक थर साचतात. बाहेरचा थर फुटला की त्यातल्या पेशी कोपेपॉडच्या गुदद्वारातून समुद्रात पडतात. आणि पाण्यात पडलेल्या या बीजाणूंवर कमरेची खाच उमटते, दोन कशाभिका फुटतात आणि ते गरगरत पोहू लागतात. आतड्यात ओळख पटू न देणारा जीव बाहेर पडताना आपल्या कुळाचा पेहराव करूनच निघतो. शातों यांनी त्याचे नाव ब्लास्टोडिनियम ठेवले आणि १९०६ साली फ्रेंच विज्ञान अकादमीच्या वृत्तान्तात परजीवी डायनोफ्लॅजेलेटांचा एक नवा गणच जाहीर केला. त्या वेळी ते अवघे बावीस वर्षांचे होते.

असे जीव कोणालाच आधी दिसले नव्हते असे नाही. जॉर्ज पूशे यांनी १८८० च्या दशकातच ऑइकोप्ल्युरा या तरंगत्या प्राण्याच्या शेपटीला चिकटलेला एक परजीवी पाहिला होता आणि त्याचे डायनोफ्लॅजेलेटांशी असलेले नातेही ओळखले होते. पण ते एकुलते एक नवल म्हणून बाजूला पडले. रशियन प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेंटिन दोगिएल यांना समुद्री कृमींच्या आतड्यात हॅप्लोझून नावाचा, मण्यांच्या माळेसारखा पेशींच्या रांगा तयार करणारा जीव सापडला. त्याची ती रचना पाहून १९०६ साली त्यांनी त्याला एकपेशीय आणि बहुपेशीय प्राण्यांच्या मधल्या पायरीवर बसवले. प्राणिसृष्टीच्या उगमाचा हरवलेला दुवा सापडावा, ही त्या काळातल्या अनेकांची आस होती. शातों यांनी आपल्या ब्लास्टोडिनियमशी त्याचे साम्य दाखवून दिले आणि तो डायनोफ्लॅजेलेटच असल्याचे प्रतिपादन केले. दुवा गेला, पण परजीवींच्या कुळात एक भर पडली.

यामागचे त्यांचे सूत्र साधे होते. परजीवीचे वाढीच्या काळातले रूप यजमानाच्या घराप्रमाणे बदलते, म्हणून त्यावर विसंबू नये. त्याची वंशावळ विचारायची ती पुनरुत्पादनाच्या वेळी. मुंबईत स्थायिक होऊन वेश, भाषा, खाणेपिणे सारे बदललेल्या एखाद्या गृहस्थाने मुलाच्या लग्नपत्रिकेवर मात्र गावाकडच्या कुलदैवताचे नाव छापावे, तसा हा प्रकार आहे. हे सूत्र सांगायला सोपे असले तरी पाळायला कठीण होते. त्यासाठी जिवंत यजमान तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस सांभाळायचा, त्याच्यातून बीजाणू नेमके बाहेर पडतील त्या क्षणी सूक्ष्मदर्शकापाशी हजर राहायचे आणि जे दिसेल ते हाताने रेखाटायचे. शातों यांचा चित्रकलेचा हात उत्तम होता. पुढे अध्यापनासाठी त्यांनी काढलेले मोठे भित्तितक्ते बान्युल्सला जतन केलेले आहेत.

१९१० साली त्यांनी याहून भयंकर परजीवी उजेडात आणला. ब्लास्टोडिनियम आतड्यात राहतो आणि यजमानाला निदान जिवंत ठेवतो. त्याच्या पेशीत हरितद्रव्य असते, त्यामुळे तो थोडेफार स्वतःचेही कमावतो. मात्र त्याची लागण झालेल्या मादीची बीजकोशाची वाढ खुंटते आणि ती वांझ राहते. सिंडिनियम हे नवे प्रकरण वेगळे होते. तो कोपेपॉडच्या आतड्याबाहेरील शरीरपोकळीत पसरतो. असंख्य केंद्रके असलेला सलग जीवद्रव्याचा गोळा आतले अवयव हटवत, खात सारी जागा व्यापतो. शेवटी शरीर म्हणजे परजीवीने भरलेली नुसती टरफलाची पिशवी उरते. मग त्या गोळ्याचे हजारो बीजाणू होतात, मेलेल्या यजमानाच्या पोकळ देहात ते घुसळल्यासारखे फिरू लागतात आणि कवच फोडून समुद्रात पसरतात. या बीजाणूंचा घाटही डायनोफ्लॅजेलेटचाच होता. गुणसूत्रे मात्र कुळाच्या रीतीप्रमाणे असंख्य नव्हती. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची ती मोजकीच होती. ही विसंगती शातों यांनी लपवली नाही, तिची तपशीलवार नोंद केली. या जीवांना कुळात नेमके कुठे बसवायचे यावर त्यानंतर कित्येक दशके वाद होत राहिला, तो बहुतांशी याच नोंदीवर उभा होता.

पोटापाण्यासाठी समुद्र पुरेसा नव्हता. १९०७ पासून शातों पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फेलिक्स मेनिल यांच्या विभागात रुजू झाले होते. तिथला विषय होता माणसाचे आणि पाळीव प्राण्यांचे रोगकारक परजीवी. वसाहतींमध्ये हिवताप, निद्रारोग यांनी थैमान घातलेले असल्यामुळे त्या शास्त्राला राजाश्रय होता आणि प्रतिष्ठाही होती. कोपेपॉडच्या आतड्यात काय वाढते याची चिंता सरकारला असण्याचे कारण नव्हते. शातों यांनी दोन्ही आघाड्या सांभाळल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते ट्युनिशियात होते. तिथे शार्ल निकोल आणि त्यांचे सहकारी मांसो यांना १९०८ साली गुंडी नावाच्या खारीएवढ्या उंदराच्या शरीरात टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी सापडला होता. शातों आणि जॉर्ज ब्लां यांनी १९१७ साली त्यावर सविस्तर निबंध लिहिला. रानातल्या गुंडींना हा रोग दिसत नाही, पिंजऱ्यात आणल्यावर त्यांना तो जडतो, हे त्यांनी दाखवले. म्हणजे लागणीचा उगम माणसाच्या आसपास होता. मांजराच्या विष्ठेतून हा परजीवी पसरतो हे सिद्ध व्हायला मात्र १९६९-७० साल उजाडावे लागले.

युद्ध संपले आणि १९२० साली त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. परजीवी पेरिडिनियन हा त्याचा विषय. डायनोफ्लॅजेलेटांना तेव्हा फ्रेंचमध्ये याच नावाने ओळखत. एका प्राणिशास्त्रीय नियतकालिकाचा तो अंक म्हणजे ४७५ पानांचा आणि १८ चित्रफलकांचा एकटाकी मजकूर होता. आतड्यातले, शरीरपोकळीतले, अंड्यांतले, शरीराच्या पृष्ठभागावर देठाने चिकटणारे आणि सूक्ष्म शैवालांवर जगणारेही, अशा सर्व परजीवी डायनोफ्लॅजेलेटांची रचना, पुनरुत्पादन आणि राहणी त्यात एकत्र आली. ब्लास्टोडिनियम, सिंडिनियम, ओडिनियम, एटेलोडिनियम, कायट्रिओडिनियम ही सारी नावे शातों यांनीच दिलेली. तोवर अपवाद मानली गेलेली गोष्ट या कुळाची एक मोठी शाखा आहे, हे या ग्रंथाने ठरवले. असा ग्रंथ वाचणारे मोजकेच असतात. शातों यांच्याही वाट्याला ते मोजकेच आले.

युद्धानंतर अल्सास प्रांत जर्मनीकडून फ्रान्सकडे परत आला होता आणि स्ट्रासबुर्गचे विद्यापीठ नव्याने फ्रेंच झाले होते. शातों तिथे प्राध्यापक झाले आणि १९३२ पर्यंत राहिले. समुद्रापासून दूरच्या या शहरात राहूनही त्यांची प्रत्येक सुटी सागरी केंद्रांवर जाई. ब्रिटनीतल्या रोस्कॉफच्या अशाच एका केंद्रावर त्यांची गाठ पडली आंद्रे ल्वोफ या विशीतल्या तरुणाशी. दोघांची जोडी जमली ती पुढे दीड दशकाहून अधिक टिकली. कोळंबी-खेकड्यांच्या कातीबरोबर आपले आयुष्य जुळवून घेणाऱ्या एपोस्टोम नावाच्या केसाळ एकपेशीय जीवांवर दोघांनी १९३५ साली साडेचारशे पानांचा ग्रंथ लिहिला. अशा जीवांच्या केसांची मुळे चांदीच्या क्षाराने रंगवून पाहण्याची त्यांची पद्धत शातों-ल्वोफ पद्धत म्हणूनच ओळखली जाते. झाक मोनो हा आणखी एक तरुण १९३१ च्या सुमारास शिष्यवृत्ती घेऊन स्ट्रासबुर्गला शातों यांच्याकडे आला. जनुकांचे नियंत्रण कसे होते याच्या शोधासाठी १९६५ साली ज्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांतले दोघे, ल्वोफ आणि मोनो, याप्रमाणे शातों यांच्या सूक्ष्मदर्शकापाशी बसलेले होते. शातों यांना ते पाहायला मिळाले नाही.

त्या प्रसिद्ध दोन शब्दांचा जन्मही स्ट्रासबुर्गच्याच काळातला. गोड्या पाण्यातल्या डॅफ्निया या इवल्या कवचधारी प्राण्याच्या आतड्यात राहणाऱ्या पॅन्स्पोरेला या अमीबासदृश परजीवीवर १९२५ साली त्यांनी एक प्रदीर्घ लेख लिहिला. हा जीव त्यांना पूर्वीच, १९०६ च्या सुमारास सापडला होता. त्याला कोणत्या गटात घालावे हा प्रश्न सुटता सुटेना, म्हणून लेखाच्या उत्तरार्धात त्यांनी एकपेशीय जीवांच्या साऱ्या वंशवृक्षाचाच विचार मांडला. त्या मांडणीत एका फांदीला प्रोकॅरिओट आणि दुसरीला युकॅरिओट ही नावे दिली. त्यांची व्याख्या केली नाही, त्यावर परिच्छेद खर्ची घातला नाही. १९३८ मध्ये आपल्या संशोधनाचा गोषवारा देणारी एक पुस्तिका त्यांनी सेत येथे छापून घेतली, तिच्यातही हे शब्द असेच ओघात आले. जीवसृष्टीची महान विभागणी शातों यांनी सिद्ध केली असे जे सर्रास लिहिले जाते, ते म्हणूनच खरे नाही. विज्ञानाचे इतिहासकार जॅन सॅप यांनी २००५ साली हे पुरेसे स्पष्ट केले आहे. शातों यांनी नावे दिली आणि नावे देण्यात ते वाकबगार होते. त्या नावांना अर्थ पुढच्यांनी दिला.

त्यांच्या मूळ कामातला जो शोध आज मच्छीमारांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ठरला आहे, तोही अशीच गुमनाम सुरुवात घेऊन आला. रेमों पोआसों यांच्या साथीने शातों यांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या रक्तात एक परजीवी डायनोफ्लॅजेलेट शोधला आणि १९३१ साली हेमॅटोडिनियम पेरेझी या नावाने प्रसिद्ध केला. लागण झालेले खेकडे फारच थोडे होते. एका दुर्मीळ जीवाची नोंद म्हणून तो लेख कपाटात गेला. जवळपास ४४ वर्षांनी, १९७५ साली, अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या निळ्या खेकड्यांत तोच प्रकार दिसला. १९८० च्या दशकात अलास्काच्या टॅनर खेकड्यांचे शिजवलेले मांस खडूसारखे भुसभुशीत आणि कडू लागू लागले. माणसाला त्यापासून अपाय नव्हता, पण असा माल घेणार कोण? कारण शोधले तेव्हा खेकड्यांच्या रक्तात हेमॅटोडिनियम सापडले. स्कॉटलंडच्या नॉर्वे लॉब्स्टरमध्येही ते आढळले. २००० नंतरच्या दशकात चीनच्या किनारपट्टीवर खेकड्यांचे संगोपन करणाऱ्यांना दुधी रोगाने गाठले, त्यामागेही हाच परजीवी होता. त्याची करणी सावकाश चालते. तो रक्तातली प्रथिने आणि प्राणवायू खाऊन टाकतो, रक्त पातळ आणि दुधाळ होते, गोठेनासे होते आणि खेकडा मलूल होऊन अखेर गुदमरून मरतो. खेकड्यांच्या रोगांवरील कोणत्याही नव्या निबंधाच्या आरंभी १९३१ सालच्या त्या छोट्याशा लेखाचा उल्लेख असतो.

माशांची गोष्टही निराळी नाही. त्याच १९३१ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मत्स्यालयात समुद्री माशांच्या कल्ल्यांवर एक जीवघेणा डायनोफ्लॅजेलेट आढळला. त्याला शातों यांच्या ओडिनियम प्रजातीत बसवण्यात आले. पुढे त्याचे नाव एमिलोडिनियम झाले. खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारे हौशी लोक आणि मत्स्यशेती करणारे, दोघेही त्याला आजही वचकून असतात.

१९३२ मध्ये शातों माँपेलिए विद्यापीठात आणि तिथल्या सेत येथील सागरी केंद्रावर गेले. बर्थ बिएशलेर या विदुषीबरोबर त्यांनी या काळात एक अजब गोष्ट पाहिली. डायनोफ्लॅजेलेटांच्या पोटात राहणारे डायनोफ्लॅजेलेट! भाऊबंदकीचे याहून चपखल उदाहरण सापडणे कठीण. १९३७ साली ते सोरबोनचे प्राध्यापक आणि बान्युल्सच्या आरागो प्रयोगशाळेचे संचालक झाले. ज्या गावात विद्यार्थी म्हणून पहिल्यांदा जाळे ओढले, तिथेच ते आता कारभारी होते. लगेच दुसरे महायुद्ध आले आणि बरीच वर्षे गिळून गेले. २३ एप्रिल १९४७ रोजी बान्युल्स येथे, वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोन कहाण्या वेगवेगळ्या वाटांनी गेल्या. दोन शब्दांचे नशीब फळफळले. ल्वोफ यांच्यामार्फत ते कॅनडात जन्मलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉजर स्टॅनिअर यांच्यापर्यंत पोहोचले. स्टॅनिअर आणि व्हॅन नील यांनी १९६२ साली जिवाणू म्हणजे काय या प्रश्नाचे उत्तर या शब्दांच्या आधारे दिले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवलेल्या पेशीच्या अंतरंगाला एक सुटसुटीत परिभाषा मिळाली. १९७७ मध्ये कार्ल वूज यांनी आर्किआ हा तिसराच गट पुढे आणून या दुहेरी विभागणीला हादरा दिला, तरीही शब्द टिकून आहेत.

परजीवींच्या वाट्याला मात्र उपेक्षा आली. बान्युल्स आणि व्हिलफ्रांशच्या प्रयोगशाळांत काही फ्रेंच अभ्यासक ते काम पुढे नेत राहिले. १९५२ साली ओलांद आणि काशों यांनी सार्डीन माशाच्या अंड्यांत वाढणारा इक्थिओडिनियम हा परजीवी वर्णिला. पण जगाचे लक्ष तोवर डीएनएकडे वळले होते. फ्रेंच भाषेतले जाडजूड ग्रंथ इंग्रजी जगात वाचले जात नव्हते, आणि प्लवक मोजणारे शास्त्रज्ञ नमुने फॉर्मालिनमध्ये टाकून केवळ डोकी मोजत होते. मेलेल्या कोपेपॉडच्या पोटात काय आहे हे पाहायला सवड कोणाला होती? कोपेपॉड मेला म्हणजे त्याला माशाने खाल्ले, असे गणित मांडले जाई. १९९० साली ऑस्ट्रेलियाच्या किनारी पाण्यात किमरर आणि मॅकिनन यांनी हिशेब तपासला, तेव्हा तिथल्या एका कोपेपॉड जातीतल्या माद्यांच्या मृत्यूंचा मोठा वाटा एका परजीवी डायनोफ्लॅजेलेटकडे जात असल्याचे दिसले. त्याची प्रजाती होती एटेलोडिनियम, म्हणजे पुन्हा शातों यांच्या १९२० च्या ग्रंथातलीच.

खरा धक्का बसला तो २००१ साली. समुद्राचे पाणी गाळून त्यात सापडेल त्या सूक्ष्म पेशींचा डीएनए वाचण्याचे तंत्र तोवर हाती आले होते. अंटार्क्टिकाच्या खोल पाण्यात आणि पॅसिफिकच्या विषुववृत्तीय पाण्यात कोणालाच माहीत नसलेल्या जीवांचे दोन प्रचंड समूह मिळाले. त्यांना तात्पुरते क्रमांक देण्यात आले. हे कोण, याचा शोध सुरू झाला. २००५ मध्ये स्कोव्हगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोपेपॉडमधल्या सिंडिनियमचा डीएनए वाचला, तो या दोनपैकी दुसऱ्या समूहात चपखल बसला. समुद्रातले हे अनामिक लोक म्हणजे शातों यांनी १९१० साली नाव देऊन ठेवलेल्या परजीवीचे भाऊबंद होते. २०१५ साली तारा या शिडाच्या जहाजावरून झालेल्या जगपरिक्रमेचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांतही समुद्री एकपेशीयांच्या विविधतेत या परजीवींचा हिस्सा फार मोठा निघाला. अपवाद नव्हे, शाखा आहे, असे शातों म्हणत होते. शाखेऐवजी ते अरण्यच निघाले.

हे परजीवी समुद्रात नुसते विध्वंस करत नाहीत. ब्रिटनीतल्या पँझे नदीच्या मुखाशी सलग तीन वर्षे केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की डायनोफ्लॅजेलेटांची एखादी जात फोफावून पाणी रंगवू लागली की लवकरच तिचा खास परजीवी तिच्यामागे वाढतो आणि ती लाट मोडतो. हा परजीवी एमीबोफ्रिया म्हणजेच सिंडिनियमचा नातलग. ही खाडी रोस्कॉफच्या अगदी शेजारी आहे.

आणखी एक नाते शातों यांना माहीत असणे शक्य नव्हते. हिवतापाचा प्लाझ्मोडियम आणि गुंडीतला टॉक्सोप्लाझ्मा हे डायनोफ्लॅजेलेटांचे निकटचे चुलत भाऊ आहेत, हे रेणवीय पुराव्यांनी १९९० च्या दशकात पक्के झाले. प्लाझ्मोडियमच्या पेशीत तर हरितलवकाचा अवशेष आजही शिल्लक आहे. कधीकाळी उन्हावर जगणाऱ्या पूर्वजांची ती निशाणी. उलट हेमॅटोडिनियमने ती निशाणीही टाकून दिल्याचे २०१५ साली दिसून आले. पाश्चर इन्स्टिट्यूटमधली नोकरी आणि बान्युल्सची ओढ, शातों यांच्या आयुष्यातल्या ज्या दोन गोष्टी सरकारी दफ्तरात वेगवेगळ्या खात्यांत मोडत होत्या, त्या जीवांच्या वंशावळीत एकाच घरातल्या निघाल्या.

सिंडिनियमवरून नाव पडलेला सिंडिनिएलीस हा गण आता समुद्री जीवशास्त्राच्या प्रत्येक नव्या डीएनए यादीत असतो. ब्लास्टोडिनियमच्या जाती ओळखायच्या तर मात्र यंत्राने वाचलेला क्रम पुरत नाही. त्यासाठी अभ्यासक आजही १९२० च्या ग्रंथातले ते अठरा फलक उघडतात.